फिक्सी आणि रोडबाईकवाल्यांचे ठरलेले पचके: नेमकं चुकतं कुठे?

आडवा_तिडवा:

मंडळी, सायकलवाल्यांचे काही पचके ठरलेले असतात. सायकल थांबते, बूट पेडलमध्ये अडकलेलेच राहतात आणि स्वार सगळ्यांदेखत सावकाश आडवा होतो. पंक्चर काढून हात पुसेपर्यंत तेच चाक पुन्हा बसतं. फिक्सीवर (चाक फिरतंय तोवर पेडल फिरतच राहणारी सायकल) क्षणभर पाय थांबवायला जावं तर सायकलच पाय उचलून फेकते. किस्सा सांगणारा रंगवून सांगतो, ऐकणारे खो खो हसतात, पण चुकलं काय हे गुलदस्त्यातच राहतं.

म्हणून इथे किस्से नकोत, कारणं आणि उपाय हवेत. कोण कुठे पडलं ते राहू द्या. रोडबाईकवरून फिक्सीकडे वळणाऱ्याला आणि पहिल्यांदाच क्लीटचे (तळाला पेडलमध्ये अडकणारी कडी असलेले) बूट घालणाऱ्याला उपयोगी पडेल असं लिहा. खास करून हे चार प्रश्न:

थांबताना पडणं नेमकं कशामुळे होतं? ४८/१६ गिअरच्या (पुढे ४८ दात, मागे १६) फिक्सीचं मागचं टायर एकाच जागी का झिजतं? ट्यूब बदलल्यावर लगेच पुन्हा पंक्चर का होतं? आणि डावं पेडल सोडवायला बसलेले भलेभले ते आणखी घट्ट का करून ठेवतात?

उलटे_आटे:

फिक्सीचे निम्मे पचके पाय थांबवायच्या सवयीतून येतात. फ्रीव्हीलवर (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी नेहमीची सायकल) आपण नकळत सतत पाय थांबवत असतो: मागे वळून बघताना, बाटली काढताना, खड्डा दिसला की, आणि थांबायच्या आधीच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये. फिक्सीचा कॉग (मागची दातेरी चकती) हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्यांनी घट्ट बसलेला असतो, त्यामुळे चाक फिरतंय तोवर क्रँक (पेडलचा दांडा) फिरणारच. गुडघा ताठ करून पाय थांबवला की मागून येणारं पेडल तो पाय वर ढकलतं आणि बूड सीटवरून उडतं. सुरुवातीला या चार क्षणांवर लक्ष ठेवलं तरी पुरे. बाकी वेळी पाय आपसूक फिरतात.

उताराचा हिशेब आधीच करून ठेवा. ४८/१७ गिअर आणि ७००×२५ टायर असेल तर क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.९ मीटर पुढे जाते. म्हणजे ताशी ३० किमीला मिनिटाला ८४ फेरे, ४० ला ११२, ५० ला १४०. यातल्या १४० ला बहुतेकांचं बूड सीटवर टिकत नाही. पाय पेडलवरून निसटलेच तर फिरतं पेडल पुन्हा पकडायला जाऊ नका, ते थेट नडगीवर बसतं. दोन्ही पाय बाजूला फाकवून धरा, पुढचा ब्रेक हळूहळू दाबा आणि वेग पायी चालण्याइतका उतरला की मगच पेडल शोधा. पुढचा ब्रेकच नसेल तर यातलं काहीच जमणार नाही. त्यामुळे ब्रेक काढून सायकल 'स्वच्छ' दिसते वगैरे युक्तिवाद माझ्याशी तरी करू नका.

थांबल्यावरचा पचका वेगळाच. पेडल नेमकं तळाशी येऊन थांबतं आणि निघताना जोर लावायला काही उरत नाही. फ्रीव्हीलसारखं पायाने मागे फिरवता येत नाही, म्हणून लोक सायकल अर्धा फूट पुढे-मागे ढकलत बसतात. सोपा उपाय असा: पुढचा ब्रेक दाबून धरा, वजन हँडलवर टाकून पुढे रेटा. मागचं चाक दोन बोटं उचललं जातं, तेवढ्यात बुटाच्या टोकाने पेडल पुढच्या बाजूला, जमिनीला समांतर क्रँकच्या थोडं वर आणून ठेवा.

पँटचा पाय किंवा बुटाची नाडी चेन आणि चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चकतीच्या) मध्ये गेली तर फ्रीव्हीलवर पाय थांबवले की भागतं. फिक्सीवर नाडी गुंडाळत जाते आणि तिच्यामागोमाग पायही. अशा वेळी नाडी ओढू नका. पुढचा ब्रेक दाबून थांबा आणि सायकल तशीच मागे घ्या. क्रँक उलटी फिरते आणि कापड गेलं त्याच वाटेने बाहेर येतं. उजव्या पायाची नाडी आत खोचायची आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, इतकंच करायचं असतं.

आता थट्टा बाजूला. फिक्सीची चेन चाक फिरवत फडक्याने कधीही पुसू नका. फडकं खेचलं गेलं की बोट दातांखाली जातं, आणि चाकाच्या गतीमुळे क्रँक थांबत नाही. यात बोटं तुटतात. चाक पूर्ण थांबवून चेनचा हाताला येईल तेवढा भाग पुसा, फडकं बाजूला घ्या, चाक फिरवा, थांबवा, पुढचा भाग पुसा. चेन काढूनच साफ केली तर आणखी बरं.

लॉकरिंगबद्दलही (कॉगवर बसणाऱ्या आवळकड्याबद्दल) सांगतो, नावाला जागायला हवं. कॉगचे आटे उजवे, लॉकरिंगचे डावे. पाय मागे रेटले की कॉग सुटायच्या दिशेने फिरू बघतो आणि लॉकरिंगला भिडतो. तिचे आटे उलटे असल्याने त्याच फिरण्याने ती आणखी आवळते. हे सगळं कॉग आणि लॉकरिंग एकमेकांना चिकटून असतील तरच. नवा कॉग बसवताना आट्यांना ग्रीस लावा, चेन व्हिपने (चेनचा तुकडा जोडलेल्या पान्याने) दम लावून आवळा, मग हूक पान्याने लॉकरिंग. त्यानंतर एखादा चढ उभं राहून चढा. पायांच्या जोराने कॉग अजून आत बसतो आणि लॉकरिंगशी बारीक फट पडते. म्हणून चढ चढून आल्यावर लॉकरिंग पुन्हा आवळायची. ही दुसरी आवळणी जवळपास सगळे विसरतात. मग पाय रेटताना 'टक्' असा आवाज येतो, कॉग तेवढ्या फटीत पुढे-मागे हलतो आणि हबचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. हब गेला.

फ्रीव्हीलच्या हबवर कॉग चढवून वर बॉटम ब्रॅकेटची (क्रँकच्या आसाच्या बेअरिंगची) लॉकरिंग लावायचा जुगाडही दिसतो. १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे हे माप जुळतं, पण दोन्हींचे आटे उजवेच. पाय मागे रेटले की दोघं हातात हात घालून सुटतात.

आणि फ्लिप-फ्लॉप (एका बाजूला कॉग, दुसरीला फ्रीव्हील) हबवाल्यांनो, चाक उलटं करून फ्रीव्हीलची बाजू लावली की पायांचा ब्रेक गेला. पुढचा ब्रेक नसताना हे केलंत तर पहिल्याच वळणावर आठवेल.

गणित_कच्चं:

टायरचा प्रश्न. स्किड (पाय रोखून मागचं चाक घसरवणं) करताना क्रँक दर वेळी त्याच अवस्थेत असते, जमिनीला समांतर आणि ठरलेला पाय पुढे. ४८/१६ म्हणजे बरोबर ३. क्रँकचा एक फेरा झाला की चाकाचे पूर्ण तीन फेरे होतात, त्यामुळे क्रँक समांतर असते तेव्हा टायरचा तोच तुकडा जमिनीवर येतो. दर स्किडला तिथेच घासलं जाणार. बाकी टायर नवंकोरं दिसतं आणि एका जागी आतले धागे डोकावतात.

नियम सोपा आहे. गिअरच्या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्या. खालचा आकडा म्हणजे टायरवर घासल्या जाणाऱ्या जागांची संख्या. ४८/१६ चं ३/१, जागा १. ४८/१८ चं ८/३, जागा ३. ४४/१६ चं ११/४, जागा ४. ४६/१६ चं २३/८, जागा ८. ४८/१७ ला काहीच जात नाही, जागा १७. दोन्ही पाय आळीपाळीने पुढे ठेवून स्किड करता येत असेल तर जागा दुप्पट होतात, म्हणजे ४८/१७ ला ३४.

उलटे_आटे:

शेवटचं वाक्य चुकलं. वरचा आकडा विषम असेल तरच जागा दुप्पट होतात. पाय बदलणं म्हणजे क्रँकचा अर्धा फेरा. ४८/१७ मध्ये अर्ध्या फेऱ्याला चाक २४/१७ फेरे फिरतं. छेद सतराच, म्हणजे त्याच १७ जागा पुन्हा येतात. ४९/१७ किंवा ४७/१७ असेल तर ३४ मिळतील. गंमत म्हणजे ४८/१६ ला दुप्पट लागू होतं, कारण ३ विषम: एकाच्या दोन जागा. म्हणजे एकाऐवजी दोन भोकं.

गणित_कच्चं:

मान्य, नावाला जागलो म्हणायचं. मग सरळ सल्ला: ज्याला स्किड करायचेच आहेत त्याने मागे १७ दातांचा कॉग लावावा. सतरा ही मूळ संख्या असल्याने पुढे ५१ किंवा ३४ सोडून नेहमीची कुठलीही चेनरिंग लावा, संक्षेप होतच नाही.

तीन_एमएम:

थांबताना पडण्याचा दोष लोक पायाला देतात. पाय बहुतेक वेळा वेळेवर सुटलेला असतो, फक्त सायकल दुसऱ्या बाजूला कलते. डावा पाय सोडवून खाली टेकायला तयार आणि शरीराचं वजन मात्र उजव्या, अडकलेल्या बाजूला, म्हणजे खेळ खल्लास. वेग शून्यावर आल्यावर तोल सावरायला काही उरत नाही.

करायचं असं: कायम एकच पाय सोडवायचा, समजा डावा. थांबायच्या जागेच्या पंधरावीस मीटर आधी, सायकल चालू असताना, डावं पेडल तळाशी आलं की टाच बाहेर फिरवायची. पाय वर ओढायचा नाही, पुढेही ढकलायचा नाही, फक्त टाच बाहेर. सुटलेला पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवायचा. थांबता थांबता सीटवरून पुढे सरकायचं आणि हँडल किंचित उजवीकडे वळवायचं. मग सायकल आपसूक डावीकडे, सुटलेल्या पायाकडे कलते. फिक्सीवर हेच सगळं पेडल फिरत असताना करायचं असतं, म्हणून तिथे आधी वेग बराच उतरवा.

स्प्रिंगबद्दल. एसपीडी (शिमानोच्या दोन बोल्टवाल्या क्लीटच्या) पेडलला स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, ३ मिमी अ‍ॅलनचा. दोन्ही बाजूंनी बूट अडकणारं पेडल असेल तर दर पेडलला दोन स्क्रू, म्हणजे जोडीला चार. लोक वर दिसणारे दोन सैल करतात आणि निघतात. मग पेडल कुठल्या बाजूने वर येईल त्यावर पाय सुटणं अवलंबून, म्हणजे निव्वळ नशीब. चारही स्क्रू सारखे ठेवा: आधी सगळे पूर्ण सैल करा, मग दर स्क्रूचे 'टिक' मोजत तेवढेच आवळा. नवशिक्यांसाठी शिमानोची एसएच-५६ क्लीट बरी. ती वेगवेगळ्या दिशांना सुटते, नेहमीची एसएच-५१ फक्त टाच आडवी फिरवल्यावर.

रोडच्या तीन बोल्टवाल्या क्लीटमध्ये रंगाचा सापळा आहे. शिमानो एसपीडी-एसएलची लाल क्लीट म्हणजे ० अंश, टाच जराही हलत नाही. निळी २, पिवळी ६. लूक केओची लाल मात्र ९ अंश, तिथे ० अंशाची काळी. 'लाल दे' म्हणून क्लीट घेणाऱ्याला नको ती मिळते. शिवाय एका कंपनीची क्लीट दुसरीच्या पेडलमध्ये बसतही नाही.

सगळ्यात विनोदी दिसणारा आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे क्लीटचा बोल्ट गळून पडणं. दोन बोल्टच्या क्लीटचा एक बोल्ट गेला की टाच कितीही फिरवा, बूट क्लीटभोवती फिरतो आणि क्लीट पेडलमध्ये तशीच राहते. बुटाच्या पट्ट्या सोडून पाय बाहेर काढा, बूट पेडललाच लटकू द्या आणि उरलेला बोल्ट सोडवून मोकळे व्हा. हे टाळायचं तर बोल्टला ग्रीस, ५ ते ६ न्यूटन-मीटरने आवळणी, आणि नव्या क्लीटवर पहिल्या दोन-तीन राईडनंतर पुन्हा एकदा पाना फिरवणं.

रिकामी_पिशवी:

फिक्सीवाल्यांसाठी एकच ओळ. ट्यूब आहे, पंप आहे, लिव्हर आहेत, पॅच आहेत, १५ मिमीचा पाना नाही. चाक नटांवर आहे.

फुसका_व्हॉल्व्ह:

पुन्हा पंक्चर होण्याचं पहिलं कारण: पहिल्या पंक्चरचा गुन्हेगार टायरमध्येच बसलेला असतो. बारीक तार किंवा काचेचा कण बाहेरून दिसत नाही. टायर बसवताना त्यावरची कंपनीची पट्टी नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवायची. ट्यूबमध्ये भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजलं की टायरवर नेमकं कुठे बघायचं ते कळतं. मात्र ट्यूब काढताना तिची कुठली बाजू कुठे होती ते लक्षात ठेवा, नाहीतर दोन्ही दिशांना शोधावं लागतं. आतून बोट फिरवू नका, फडकं फिरवा. तार असेल तिथे ते अडकतं आणि बोटही वाचतं.

भोक कुठे आहे यावरून कारण कळतं. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला भोक असेल तर रिमची पट्टी सरकली आहे आणि स्पोकच्या भोकाची कड लागते आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर पंप मारताना व्हॉल्व्ह हिसकला गेला. बाहेरच्या, टायरकडच्या बाजूला भोक असेल तरच काटा किंवा काच शोधा.

दुसरं कारण म्हणजे नवी ट्यूब बसवतानाच चिमटणं. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, तिला गोल आकार येईल इतपतच. टायरची कड व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. रिमच्या मधोमध खोलगट खाच असते, चढलेली कड दोन्ही हातांनी त्या खाचेत ढकलत गेलात की शेवटी इतकी ढील मिळते की लिव्हर लागत नाही. व्हॉल्व्हच्या जागी ट्यूब जाड असल्याने तिथे कड खाचेत उतरत नाही, म्हणून ती जागा शेवटी. शेवटच्या चार इंचांसाठी लिव्हर घातली की दहातल्या निम्म्या वेळा ट्यूब तिथेच कापते. अतिशयोक्ती वाटत असेल तर वाटू दे.

मग व्हॉल्व्ह आत टायरकडे एकदा ढकलून सोडा, म्हणजे खाली अडकलेली ट्यूब वर येते. चाकभर दोन्ही बाजूंनी टायर अंगठ्याने बाजूला सारून बघा, ट्यूब डोकावायला नको. २० ते ३० पीएसआय भरा. टायरच्या कडेला एक बारीक रेष असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना ते पाहा. मगच पूर्ण हवा. रेष एखाद्या ठिकाणी वर आली असेल आणि तुम्ही पंप मारतच राहिलात तर मोठ्ठा धमाका होतो आणि आसपासचे सगळे वळून बघतात.

हवा किती ते टायर आणि रिम दोन्हींवर वाचा, जो आकडा कमी तो खरा. हूकलेस (टायर धरायला कडेला आकडा नसलेली) रिम असेल तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय ही कमाल मर्यादा. जुन्या सवयीने १०० भरणाऱ्यांचं टायर रिमवरून उडू शकतं.

प्रेस्टा (रोडबाईकच्या बारीक, लांब) व्हॉल्व्हचे तीन नेहमीचे घोळ. टोकाचा छोटा नट न सोडता पंप लावणं, यात हवा जात नाही आणि जोर लावताना पिन वाकते. खोल रिमसाठी आखूड व्हॉल्व्हची ट्यूब बरोबर नेणं, जिथे व्हॉल्व्ह रिमच्या आतच राहतो. आणि आट्यांनी लागणारी पंपाची नळी काढताना व्हॉल्व्हचा गाभाच तिच्याबरोबर निघून येणं. भरलेली सगळी हवा एका 'फुस्स'मध्ये जाते. गाभा घरीच छोट्या चावीने आवळून ठेवा.

आणि जास्तीची ट्यूब पिशवीत अवजारांशेजारी उघडी ठेवू नका. वर्षभर घासून घासून तिला तिथेच भोक पडतं. जुन्या मोज्यात गुंडाळा.

ढेकूण_पंप:

एवढं सगळं करून शेवटी रस्त्याकडेला हातपंपाचे दोनशे दणके मारायचे? १६ ग्रॅमचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतूस लावा, २५ च्या टायरला दहा सेकंदांत काम फत्ते.

फुसका_व्हॉल्व्ह:

फत्ते होतं किंवा सगळा गॅस आकाशात जातो, मधलं काही नाही. काडतूस वापरायचं तर तीन गोष्टी पाळा. डोकं व्हॉल्व्हवर पूर्ण बसल्याशिवाय झडप उघडू नका. काडतूस उघड्या हाताने धरू नका, गॅस सुटताना ते इतकं गार होतं की कातडी चिकटते, कापडी बाही चढवा. आणि घरी पोचल्यावर सीओटू सोडून साधी हवा भरा, कारण तो ब्यूटाइल रबरातून हवेपेक्षा बराच लवकर झिरपतो. सकाळी टायर मऊ दिसलं की लोक पंक्चर समजून चांगली ट्यूब काढून टाकतात. काडतूस कितीही असू दे, छोटा हातपंप पिशवीत हवाच.

खरखर_कुठून:

डाव्या पेडलचं राहिलं. उजव्या पेडलचे आटे उजवे, डाव्याचे डावे, म्हणजे चालवताना पेडल स्वतःहून सुटत नाहीत. घड्याळाची दिशा आठवत बसायला गेलं की घोटाळा होतो, कारण ६ किंवा ८ मिमी अ‍ॅलन आतल्या बाजूने लावली की सगळं उलटं दिसतं. एकच खूण ठेवा: पान्याचा दांडा वर आकाशाकडे करा आणि सायकलच्या मागच्या बाजूला ढकला, पेडल सुटेल. डावं असो वा उजवं, १५ चा पाना बाहेरून असो वा अ‍ॅलन आतून. पुढे ढकललं की आवळतं. बसवताना ग्रीस लावा, ३५ ते ४० न्यूटन-मीटर. चुकीचं पेडल जबरदस्तीने घुसवलं तर क्रँकचे आटे जातात आणि पेडलपेक्षा क्रँक महाग असते.

रोडबाईकवाल्यांचे आणखी काही. रिमब्रेकची सायकल असेल तर चाक काढताना ब्रेकची छोटी कळ उघडतात आणि चाक बसवल्यावर बंद करायला विसरतात. पहिल्या उतारावर लिव्हर हँडलला टेकते. डिस्कवाल्यांचं उलटं: चाक काढलेलं असताना कुणीतरी लिव्हर दाबतो आणि पॅड एकमेकांना चिकटतात, मग डिस्क आत जाईना. प्लास्टिकची टायर लिव्हर पॅडच्या मध्ये घालून हळूच फाकवा, स्क्रूड्रायव्हर नको. आणि चेनवर फवाऱ्याचं तेल मारू नका. थोडं डिस्कवर बसलं की ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, तेल प्यायलेले पॅड सहसा टाकावेच लागतात.

नवी चेन घातल्यावर खरखर येत असेल तर इंडेक्सिंगला (गिअरच्या जुळणीला) हात लावण्याआधी मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) पिंजऱ्यात वाकून बघा. दोन छोट्या चाकांच्या मध्ये एक पत्र्याची जीभ असते. चेन तिच्या चुकीच्या बाजूने ओवली की ती जिभेवर घासत जाते. गिअर पडतात, सायकल चालते, फक्त आवाज येतो, म्हणून लोक तासन्‌तास केबल पिळत बसतात.

आणि हे खरोखर महत्त्वाचं: सायकल उजव्या बाजूला पडली असेल, अगदी भिंतीवरून घसरून जरी पडली तरी, मागून डिरेलरकडे बघा. हँगर (डिरेलर ज्याला टांगलेला असतो ती पट्टी) आत वाकला असेल तर छोट्या चकत्यांचे गिअर ठीक पडतात आणि चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकलं की डिरेलर स्पोकमध्ये जातो. हँगर, डिरेलर आणि चार-पाच स्पोक, एका झटक्यात. शंका असेल तर सगळ्यात मोठी चकती न वापरता घरी या.

जुनी_शर्यत:

मंडळी, हे पचके फक्त आपलेच नाहीत. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये पोर्त द बालेसच्या चढावर पिवळी जर्सी घातलेल्या, म्हणजे आघाडीवर असलेल्या अँडी श्लेकची चेन उतरली. प्रतिस्पर्धी कॉन्टाडोर पुढे निघून गेला, त्या दिवशी श्लेकचे ३९ सेकंद गेले आणि पॅरिसला दोघांतलं अंतर बरोबर ३९ सेकंदच होतं. (पुढे कॉन्टाडोरचं विजेतेपद काढून घेतलं गेलं आणि ते श्लेकला मिळालं, ते वेगळं.) २०२० च्या लिएज-बास्तोन-लिएजमध्ये आलाफिलिपने रेषेच्या आधीच हात वर केले आणि रॉग्लिच शेजारून पुढे सरकला. टोकियो ऑलिंपिकच्या रोडरेसमध्ये व्हान व्ल्यूटेनने रेष ओलांडून जल्लोष केला. आना कीजेनहोफर त्याआधीच सुवर्णपदक घेऊन बसली होती, ते हिला ठाऊकच नव्हतं. त्या शर्यतीत संघाशी बोलायचे रेडिओ नव्हते.

चेन उतरण्यावर उपाय आहे तो सांगतो. बहुतेक वेळा ती छोट्या चेनरिंगवरून आत, फ्रेमच्या बाजूला पडते, कारण चढ सुरू झाल्यावर जोर लावत असताना चेनरिंग बदलली. घाबरून उतरू नका. पाय हलका करा, शिफ्टर मोठ्या चेनरिंगवर टाका आणि अगदी सावकाश पेडल फिरवा, बहुधा डिरेलरच चेन उचलून वर ठेवतो. जड लागलं की लगेच थांबा, चेन फ्रेम आणि क्रँकच्या मध्ये अडकली आहे. वारंवार पडत असेल तर पुढचा डिरेलर तपासा: चेन छोट्या चेनरिंगवर आणि मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर असताना पिंजऱ्याची आतली पट्टी आणि चेन यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट नको.

आणि रोडबाईकवाल्यांनी फिक्सीला हसण्याआधी एक आठवावं. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर गिअर बदलायचा म्हणजे उतरायचं, मागचं चाक काढायचं आणि उलटं करून बसवायचं.

आडवा_तिडवा:

वा, चारही प्रश्न सुटले. आता दोन उपप्रश्न. उजव्या पोटरीवर चेनरिंगच्या दातांचा काळा शिक्का उमटतो तो कसा टाळायचा? आणि ४८/१६ वरून ४८/१७ वर जायचं तर चेन नवी लागेल का?

खरखर_कुठून:

शिक्का थांबल्यावर उमटतो. डावा पाय जमिनीवर, उजवं पेडल तळाशी, सायकल डावीकडे कललेली, म्हणजे पोटरी सरळ चेनरिंगवर. थांबताना उजवं पेडल पुढे, जमिनीला समांतर ठेवा, पोटरी लांब राहते. दुसरं म्हणजे चेनच्या बाहेरच्या अंगाला तेलाचं कामच नसतं. दर रोलरला एक थेंब, आतल्या बाजूने. दोन-तीन तास मुरू द्या, मग बाहेरून कोरडी होईपर्यंत पुसा (फिक्सीवाल्यांनी वर लिहिलंय तसं चाक थांबवून). उमटलाच शिक्का तर नुसता साबण घासून उपयोग नाही. आधी थोडं खाद्यतेल चोळा, काळं सुटून येतं, मग साबण.

उलटे_आटे:

चेन बहुधा तीच चालेल. एक दात वाढला की मागचा आस साधारण ३ मिमी पुढे सरकतो. आता आस ड्रॉपआऊटच्या (आस बसतो त्या फ्रेमच्या खाचेच्या) अगदी पुढच्या टोकाला नसेल तर तेवढी जागा मिळते. फक्त चेन फार झिजलेली नको, नव्या कॉगवर जुनी चेन उड्या मारते आणि फिक्सीवर ते परवडत नाही.

चाक बसवल्यावर ताण असा बघा: चेनचा मधला भाग बोटाने वर-खाली केला तर एकूण साधारण १२ मिमी हलला पाहिजे. क्रँक पूर्ण फेरा फिरवा, चेनरिंग किंचित लंबगोल बसलेली असतेच, त्यामुळे एका जागी चेन घट्ट आणि दुसरीकडे सैल लागते. माप घट्ट जागेवर घ्या. सैल जागेवर घेतलंत तर घट्ट जागी चेन तारेसारखी ताणते आणि बेअरिंग खाते. मग चाक तिरकं होऊ न देता नट आलटून पालटून आवळा. उजवा थोडा, डावा थोडा, कारण पेडल मारताना चेन चाकाला उजव्या बाजूने पुढे ओढते आणि उजवा नट सैल राहिला तर टायर डाव्या चेनस्टेला (मागच्या आसाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) घासू लागतं. पहिल्या राईडनंतर दोन्ही नट पुन्हा बघा.

१५ चा पाना बरोबर घेऊन निघा, म्हणजे रिकाम्या पिशवीला बोलायला जागा राहणार नाही.

रिकामी_पिशवी:

पाना घेतला. पंप राहिला.